दाणा आणि खडा

१२ जानेवारी

फादर म्हणाले, यापुढे पापांची यादी आणायची नाही. दर शनिवारी मी घडी घातलेला कागद घेऊन पापनिवेदनाला जाते आणि जाळीपलीकडून आधी त्यांचा सुस्कारा ऐकू येतो. आज म्हणाले, “हे बघ, यातली निम्मी पापं नाहीतच. उरलेली ऐकताना मला डुलकी लागते. एक वही कर. दिवसभरात काय घडलं ते लिही. कोण काय बोललं, कोण भेटलं, काय शिजलं. आणि ती वही मला दाखवू नकोस.”

फादरांना डुलकी लागते हे मी लिहिलं, ही चहाडी झाली का? पण घडलेलं लिहायचं, असं त्यांनीच सांगितलंय.

तर या घरात पाच सिस्टर आहेत आणि मी. मी अजून नोव्हिस, म्हणजे उमेदवारीतली. आमच्या संघाचं काम मरणाऱ्या माणसांच्या उशाशी बसण्याचं. आम्ही औषध देत नाही, उपदेशही करत नाही. घरच्यांना घटकाभर डोळा मिटता यावा म्हणून त्या माणसाचा हात धरून बसतो. पूर्वी इथे इतक्या जणी होत्या की जेवायला दोन खेपांत बसावं लागे म्हणे. आता त्या लांब टेबलाच्या एका टोकाला आम्ही कोंडाळं करून जेवतो आणि दुसऱ्या टोकावर शिवणाच्या सिस्टर कापड बेततात.

मदर सगळ्यांत धाकट्या, म्हणजे सत्तरी ओलांडलेल्या. त्यांचे गुडघे गेलेत. बागेच्या सिस्टर वाफे खणतात आणि बोलतातही कुदळ मारल्यासारखं. चष्म्याच्या सिस्टरांचा चष्मा नुसता सवयीपुरता उरलाय, असं बागेच्या सिस्टर म्हणतात. चष्म्याच्या सिस्टरांचं स्वतःचं म्हणणं, “मला छान दिसतं.” शिवणाच्या सिस्टर फारसं बोलत नाहीत. आणि थोरल्या सिस्टर अंथरुणाला खिळल्यात. त्यांना दिवसातून कितीदा तरी कुशीवर वळवावं लागतं, नाहीतर पाठ सोलून निघते. वळवण्याचं काम माझं.

पुढच्या महिन्यात माझ्यावर मत घेतील. व्रतं घ्यायला मी योग्य आहे की नाही, हे या पाच जणी ठरवतील. तिघींनी हो म्हटलं तर एप्रिलमध्ये माझी व्रतं होतील आणि मी कायमची इथली होईन. नाही म्हटलं तर घरी. मला याशिवाय दुसरं काहीच नको आहे. एखादी गोष्ट इतकी हवी असणं, हाही हव्यासच की.

१५ जानेवारी

बागेच्या सिस्टरांबरोबर कंडक्टरच्या घरी गेले. तो बसवर कंडक्टर होता, आता फुप्फुसं निकामी झालीत. चौथ्या मजल्यावर दोन खोल्या, जिना अरुंद. प्रत्येक वळणावर सिस्टर थांबायच्या आणि म्हणायच्या, “तू हो पुढे, मी जरा देखावा बघते.” देखावा म्हणजे सांडपाण्याचा पाइप.

कंडक्टरने आम्हाला बघून विचारलं, “काय सिस्टर, माझं तिकीट फाडलंत का?”

“फाडलंय,” बागेच्या सिस्टर म्हणाल्या. “पण गाडी लेट आहे. पडून राहा.”

तो हसला आणि हसण्याने खोकला लागला. त्याच्या बायकोने आमच्याकडे रागाने पाहिलं, मग तिलाही हसू आलं. मी त्याचा हात धरून बसले. मलाही हसायचं होतं, पण मरणाऱ्याच्या खोलीत नवख्या मुलीने हसावं का, हे ठरेपर्यंत हसण्याची वेळ निघून गेली.

परत येताना सिस्टर म्हणाल्या, “आमच्यातल्या एकेकीच्या उशाशी तूच बसणार म्हणायचं.”

“हो, सिस्टर.”

“आणि तुझ्या उशाशी?”

“देव बसेल.”

“बसेल गं. त्याची काळजी नाही मला. घोटभर पाणी कोण पाजेल?”

मी म्हणाले, त्याची व्यवस्थाही देवच करेल. त्यांनी चालण्याचा वेग वाढवला. त्या माझी श्रद्धा तपासत होत्या आणि मी पाठ केल्यासारखं उत्तर दिलं. त्यांना तो तोरा वाटला असणार. त्यांचं मत माझ्या विरुद्ध जाणार, हे आजच समजलं.

२० जानेवारी

आज घरी फोन करायचा दिवस. बाबांनीच उचलला.

मला शाळेत उशिरा घातलं. त्याआधी बाबांनी घरी शिकवलं, अक्षरं, पाढे, प्रार्थना. संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवून ते विचारायचे, “आज कुठे कमी पडलीस?” कुठेच नाही, हे उत्तर चालायचं नाही. तो गर्व. काहीतरी शोधावंच लागे आणि शोधता शोधता मी त्यात तरबेज झाले. पुढे शाळेत बाईंनी विचारलं, काच कुणी फोडली, तेव्हा मी हात वर केला होता. मी फोडली नव्हती. पण नक्की मी नव्हेच, असं छातीठोकपणे सांगता येईना.

“मत कधी आहे?” बाबांनी विचारलं.

“दहा तारखेला.”

“योग्य असशील तर घेतील.”

“आणि नसेन तर?”

“तर का नाहीस, ते शोधून काढू.”

मग आई आली. जेवतेस ना, हात फुटलेत का, मोजे आहेत का, असं सगळं विचारून झालं. शेवटी आवाज उतरवून म्हणाली, “नाही झालं तरी तोंड लपवू नकोस हं. ये सरळ.” तेवढ्यात बाबांनी विचारलं, काय कुजबुजतेस, आणि तिने फोन ठेवला. आईच्या अशा बोलण्याने मला रडू येतं आणि मग दिवसभर कामात लक्ष लागत नाही. पुढच्या वेळी तिच्याशी थोडकंच बोलावं.

३१ जानेवारी

शिवणाच्या सिस्टरांनी माझ्या व्रतांच्या झग्याचं माप घेतलं. अजून मत व्हायचंय, असं मी म्हटलं तर तोंडातल्या टाचण्यांतूनच म्हणाल्या, “होईल की.” मग खांद्याचं माप पुन्हा घेतलं, हात जरासा तिथेच राहिला, आणि म्हणाल्या, “घरात कुणी तरुण चालताना ऐकलं की बरं वाटतं.”

थोरल्या सिस्टर आज दोनदा “जा” म्हणाल्या. त्यांना बोलायला किती कष्ट पडतात. मी धावत पाणी आणलं, मग भांडं आणलं, मग खिडकी लावली. त्यांना काहीच नको होतं. त्यांनी डोळे मिटून घेतले. मला त्यांचं मन ओळखता येत नाही, आणि म्हणे मी उशाशी बसणारी होणार.

संध्याकाळी चादरी वाळत घालून येताना मदरच्या खोलीतून आवाज आले.

“तिच्याशिवाय थोरल्यांना कोण वळवणार? सांगा ना. तुम्ही? मी?” मदर म्हणत होत्या.

“म्हणून एक जिवंत पोर पुरायची का आपल्याबरोबर?” बागेच्या सिस्टर.

पुढचं ऐकलं नाही. चोरून ऐकणं वाईट, म्हणून मी पाय वाजवत जिना उतरले. बागेच्या सिस्टरांना मी इथे नकोच आहे. परवा मी त्यांची टोमॅटोची रोपं जास्त पाणी घालून कुजवली, तेही त्यांच्या मनात असेल.

१० फेब्रुवारी

आज मत झालं.

आमच्याकडे मत दाण्यांनी देतात. प्रत्येकीला घेवड्याचा एक पांढरा आणि एक काळा दाणा मिळतो. पांढरा म्हणजे हो, काळा म्हणजे नाही. हवा तो झाकणाच्या लाकडी पेटीत टाकायचा, उरलेला झाकलेल्या वाडग्यात. कुणी काय टाकलं हे कुणी कुणाला विचारायचं नाही, अगदी मदरनीही. स्वयंपाकघर माझ्याकडे असल्याने दाणे मीच निवडून बशांत ठेवले. स्वतःच्या मताचे दाणे स्वतः निवडावेत का, असं मदरना विचारलं, तर म्हणाल्या, “बाई गं, दाणे ते. ठेव आणि जा.”

मी स्वयंपाकघरात बटाटे सोलत बसले. इतके सोलले की उद्याही पुरतील. मदर आणि शिवणाच्या सिस्टर मिळून पेटी वर थोरल्यांकडे घेऊन गेल्या, ते पायऱ्यांवरून कळलं. मग घंटा वाजली.

पेटी टेबलावर उपडी केलेली होती. “तीन पांढरे, दोन काळे,” मदर म्हणाल्या. “तुला स्वीकारलंय.”

बागेच्या सिस्टर खुर्ची सरकवून उठल्या आणि बागेत गेल्या. चष्म्याच्या सिस्टर म्हणाल्या, “तीन? नीट बघितलंत का मदर?”

“पाचच तर आहेत, सिस्टर. त्यात काय बघायचं?”

त्यांनी मला जवळ बोलावलं. चाचपत माझं डोकं शोधलं आणि किती तरी वेळ हात फिरवत राहिल्या. “आता काय करायचं गं पोरी,” म्हणाल्या. आनंदाने त्यांना शब्द सुचत नव्हते. या घरात त्यांच्याइतकी माया मला कुणी लावली नाही.

मी चॅपलमध्ये जाऊन गुडघे टेकले. प्रार्थना आठवेना. नुसतीच बसले आणि मला कशाचीही भीती वाटत नव्हती. असं याआधी कधी झाल्याचं आठवत नाही.

१३ फेब्रुवारी

सूपसाठी पांढरा घेवडा भिजत घालायला बरणी काढली. वरच काळे दाणे. काळ्यांच्या बरणीत पाहिलं तर पांढरे. मत झाल्यावर दाणे चष्म्याच्या सिस्टरांनी हौसेने बरण्यांत भरले होते, मला शिवू दिलं नव्हतं.

त्या तिथेच बसून लसूण सोलत होत्या. मी त्यांच्या हातावर एक पांढरा दाणा ठेवला. “सिस्टर, हा कुठल्या बरणीत टाकू?”

त्यांनी तो डोळ्यांजवळ धरला, खिडकीकडे फिरवला. “काळ्यांच्या. दिसतंय ना मला.”

मग मी काळा दिला. “हा पांढऱ्यांच्या,” म्हणाल्या आणि पुढची पाकळी सोलायला घेतली.

मी दोन्ही बरण्यांची झाकणं लावली.

त्यांना हो म्हणायचं असेल आणि चुकून काळा पडला असेल, तर खरी मतं चार. मग काही बिघडलं नाही. पण त्यांना नाही म्हणायचं असेल आणि चुकून पांढरा पडला असेल, तर खरी मतं दोनच, आणि मला स्वीकारलेलंच नाही. त्या नाही कशाला म्हणतील? त्या माझ्यावर जीव टाकतात. पण “तीन?” असं का विचारलं? त्यांना विचारता येत नाही, मत गुप्त. न विचारता राहवत नाही.

सूप करपलं.

१६ फेब्रुवारी

फादरांना जाळीतून सगळं सांगितलं.

“निकाल लागला,” ते म्हणाले. “संघाने तुला घेतलं. शंका येणं पाप नाही. पण तू शंकेला खुर्ची देतेस, चहा देतेस, वर आग्रह करतेस की जेवूनच जा.”

“म्हणजे मदरना सांगू नको?”

“नको.”

“हा हुकूम आहे की सल्ला?”

बराच वेळ काही आवाज आला नाही. मला वाटलं डुलकी लागली. मग म्हणाले, “हुकूम दिला तर तो मी नीट दिला का, याची शंका घेऊन पुढच्या शनिवारी येशील. सल्ला समज.”

सल्ला असेल तर तो न पाळण्याने पाप होत नाही.

१७ फेब्रुवारी

बाबांना फोन केला. आज फोनचा दिवस नव्हता, मदरची परवानगी घेतली. बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“दार तुझ्यासाठी उघडलं होतं, की कुणाच्या विसरभोळेपणाने उघडं राहिलं होतं,” ते म्हणाले, “हे न बघता तू आत जाऊन बसणार का?”

“नाही, बाबा.”

“उत्तर तुला ठाऊकच होतं. मला कशाला विचारलंस?”

खरंच, ठाऊक होतं. उशीर केला, एवढाच माझा दोष.

१८ फेब्रुवारी

मदरना सांगितलं. त्या गुडघ्यांना तेल चोळत होत्या. मी बोलत असताना त्यांनी बाटलीचं झाकण लावलं आणि पुन्हा उघडलं.

“अजून कुणाला बोललीस?”

“फादरना आणि बाबांना.”

“फादर काय म्हणाले?”

“म्हणाले, सांगू नको.”

“आणि तरी आलीस.” त्यांनी बाटली बाजूला ठेवली. “हे बघ, मी ही गोष्ट इथेच मिटवू शकते. तीन पांढरे पडले, तसं संघाच्या मुख्य घराला कळवून झालंय. तू आता खाली जा, चहा टाक, आणि आपण दोघी हे विसरू. चालेल?”

“मला विसरता येणार नाही, मदर. व्रतं घेताना प्रत्येक शब्दाला मला ते आठवेल.”

“पुन्हा मत घेतलं तर काय होईल, माहीत आहे का?”

“जे खरं असेल ते.”

त्यांनी डोळे मिटले. “खरं सांगू का, मलाही झोप नव्हती. मला तुझे हात हवे होते. तू आलीस, बरं झालं.” मग म्हणाल्या, “जा आता.”

मदर माझ्यावर रागावल्या नाहीत. हे त्यांचं मोठेपण.

२१ फेब्रुवारी

रविवारी पुन्हा मत. या वेळी हाताला कळेल असं. दाणा म्हणजे हो, खडा म्हणजे नाही. बागेच्या सिस्टरांनी वाफ्यातून खडे वेचले आणि स्वयंपाकघरात येऊन नळाखाली धुतले.

“मदर म्हणतात तूच मागितलंस. खरं?”

“हो, सिस्टर.”

“कुणी सांगितलं नव्हतं?”

“नाही.”

त्यांनी नळ बंद केला. “हातात आलेलं होतं ना गं तुझ्या. मला नको होतं तरी मी गप्प बसले, म्हटलं पोरीच्या मनासारखं होतंय तर होऊ दे. आणि तू आपणहून ते नेऊन परत दिलंस.” त्या माझ्याशी इतक्या हळू कधीच बोलल्या नव्हत्या. “इथे एकटी उरलीस ना, की भिंती विचारतील तुला, आज कुठे कमी पडलीस. आणि तू त्यांनाही उत्तर देशील.”

भिंतीपलीकडे लांब टेबलाच्या टोकाला शिवणाच्या सिस्टरांचं मशीन चालू होतं, ते थांबलं. पुन्हा चालू व्हायला वेळ लागला.

बाबांचा प्रश्न त्यांना कसा कळला? मीच कधीतरी बोलले असेन. घरच्या गोष्टी बाहेर सांगू नयेत.

चष्म्याच्या सिस्टर माझ्याशी बोलत नाहीत. लसणाची टोपली पुढे केली तर म्हणाल्या, “राहू दे. मला दिसत नाही.”

२४ फेब्रुवारी

मी स्वयंपाकघरात होते. पेटी लाकडी, मध्ये एकच भिंत. दाणा पडल्याचा आवाज आणि खडा पडल्याचा आवाज वेगळा येणार, आणि तो ऐकणं म्हणजे गुप्त मत चोरणं. म्हणून मी कानांत बोटं घातली. घंटासुद्धा ऐकू आली नाही. शिवणाच्या सिस्टर बोलवायला आल्या, त्यांनी माझी मनगटं धरून हात खाली घेतले.

टेबलावर पाच खडे होते.

“पाच,” मदर म्हणाल्या.

मी विचारलं, “माझं काय चुकलं?”

“काही चुकलं नाही.”

“मग पाचही जणींनी?”

“बाळ, ऐक. तू आम्हाला नकोशी झालेली नाहीस. एवढं धरून ठेव. बाकी सगळं विसरलीस तरी चालेल.”

चष्म्याच्या सिस्टर रडत होत्या. बागेच्या सिस्टर आज बागेत गेल्या नाहीत, तिथेच हात मांडीवर ठेवून बसून होत्या.

काही चुकलं नसताना पाच जणी पाच खडे टाकत नाहीत. थोरल्या सिस्टरांच्या हाताला तर मूठ वळवण्याचीही ताकद नाही. त्यांनीसुद्धा खडा शोधून उचलला. इतकी मी त्यांना दुखवत आले आणि मला पत्ताही नव्हता.

२५ फेब्रुवारी

थोरल्यांना वळवताना त्या माझ्याकडे बघून हसल्या. मी नजर खाली घेतली.

४ मार्च

मुख्य घराकडून निरोप आला. मी जाणार असल्याने हे घर चालवता येणार नाही. पाचही जणींना शहराच्या वृद्धाश्रमात हलवतील. चॅपल बंद होईल. मदरनी हे सांगितलं तेव्हा सगळ्यांना आधीच ठाऊक असल्यासारखं दिसलं. चमचेसुद्धा थांबले नाहीत.

म्हणजे मी घर मोडलं. त्या दिवशी चहा टाकला असता तर मोडलं नसतं.

७ मार्च

कंडक्टर गेला. मी साध्या कपड्यांत गेले होते, झगा घालण्याचा हक्क आता नाही. त्याचा हात माझ्या हातात असतानाच सैल पडला. त्याच्या बायकोने विचारलं, “आज झगा नाही, सिस्टर?”

“मी सिस्टर नाही.”

“बरं,” ती म्हणाली. “बसा मग तशाच.” आणि तिने डोकं माझ्या खांद्यावर टेकलं. मी हललेही नाही. हे तिला सिस्टरकडून मिळायला हवं होतं. माझ्याकडून घेताना तिची फसवणूक झाली, असं वाटत राहिलं.

११ मार्च

बागेच्या सिस्टर एक कागद घेऊन आल्या. मोठ्या हॉस्पिटलच्या नर्सिंग शाळेत माझ्यासाठी जागा बोलून ठेवलीय. तिथल्या बाई त्यांच्या ओळखीच्या.

“राहणं तिथेच, मुलींच्या वसतिगृहात. घरी जायचं नाही, कळलं? सुट्टीतसुद्धा आईला तूच बोलावून घे. पहिलं वर्ष जड जाईल. मग मैत्रिणी होतील, भांडणं होतील, कुणी आवडेल, कुणी आवडणार नाही. दात काढशील जरा.”

“तुम्ही एवढं का केलंत?”

“म्हातारीला उद्योग नाही म्हणून. सही कर.”

मी म्हणाले, विचार करते. “विचार तेवढा करू नकोस,” त्या म्हणाल्या.

पण केला. त्यांच्या मनाला टोचणी लागली असेल आणि ती शमवायला त्या हे देतायत. ती जागा दुसऱ्या कुणा मुलीच्या हक्काची असेल, जिने घर मोडलेलं नाही. बाबांना विचारलं. ते म्हणाले, “जिथे काम अर्धं सोडलंस तिथे आधी बघ.”

कागद दुमडून बागेच्या सिस्टरांच्या उशीखाली ठेवला, सही न करता.

२९ मार्च

पाचही जणींना घेऊन गाडी गेली. थोरल्यांना स्ट्रेचरवरून. बागेच्या सिस्टर माझ्याशी बोलल्या नाहीत. चष्म्याच्या सिस्टरांनी गाडीत बसल्यावर हात हलवला, पण दुसऱ्याच दिशेला. मी पळत जाऊन त्या बाजूला उभी राहिले. मला उद्याची बस आहे.

२३ एप्रिल

आज वृद्धाश्रमात कामावर रुजू झाले. निळा कोट, रबरी तळाचे बूट. काम मला येतं तेच, वळवणं, धुणं, भरवणं. मॅनेजरबाई म्हणाल्या, “इथे तरुण मुली टिकत नाहीत. सहा महिन्यांत कंटाळून जातात. तुझं काय?” मी म्हणाले, मी जाणार नाही. त्यांनी कागदावरून मान वर करून पाहिलं. “शिकलेली दिसतेस. दुसरं काही मिळत नव्हतं का?”

बाबा म्हणाले, योग्य केलंस. आई फोनवर आली नाही.

मी मुद्दाम दुसरा मजला मागून घेतला. आमच्या सिस्टरांची खोली कोपऱ्यात आहे, पाच खाटा, मध्ये पडदे. मी जेवणाची गाडी ढकलत आत गेले. थोरल्या सिस्टर झोपेत होत्या. शिवणाच्या सिस्टर भिंतीशी बसल्या होत्या, हातात काही काम नव्हतं. मदरनी मला पाहिलं आणि उठायचा प्रयत्न केला, गुडघ्यांनी साथ दिली नाही.

चष्म्याच्या सिस्टरांनी विचारलं, “कोण आलंय?”

“मी आहे, सिस्टर.”

त्यांनी हात पुढे केला. बाही चाचपली, कोटाची बटणं चाचपली, छातीवरची नावाची पट्टी बोटांनी पुन्हा पुन्हा तपासली. “भेटायला आलीस ना?” त्या म्हणाल्या. “भेटून जाणार ना गं?”

“नाही, सिस्टर. मी इथेच लागलेय. आता कायमची.”

मदरनी तोंडावर हात धरला. बागेच्या सिस्टर खिडकीजवळच्या खाटेवर होत्या. मी त्यांच्यासमोर ताट ठेवलं, मांडीवर रुमाल पसरला. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मग ताट दूर सारून भिंतीकडे तोंड करून पडल्या. मी चमचा धरून बराच वेळ उभी होते. त्यांची पाठ हलत होती, पण त्या वळल्या नाहीत.

त्यांचा माझ्यावरचा राग अजून गेलेला नाही. जाईपर्यंत मी वाट पाहीन. मॅनेजरबाई म्हणाल्यात, हवी तितकी वर्षं राहा.